पापाचा प्रेरक कोण?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या उत्तरार्धात अर्जुनाने श्रीभगवंतांना एक प्रश्न विचारला आहे. कर्मयोगाचे निरूपण चालू असता तो मध्येच येतो, आणि वरवर वाचणाऱ्यास ते विषयांतर वाटते. मनुष्याच्या मनात नसतानाही कोणी मानगूट धरून ओढीत न्यावे तसा तो पापाकडे जातो. त्याला असा ढकलणारा कोण, असे अर्जुन विचारतो. या प्रश्नाची भाषा बळजबरीची आहे. ती अर्जुनाची एकट्याची नव्हे. पाप घडून गेल्यावर प्रत्येक मनुष्य हीच भाषा बोलतो. 'मी जात नव्हतो, मला नेले' असे तो म्हणतो, आणि कोणी नेले असे विचारले तर त्याच्या ओठावर बहुधा एखादे नाव तयार असते.

भगवंतांचे उत्तर सर्व अभ्यासकांस परिचित आहे. रजोगुणापासून उपजणारा काम आणि त्याचेच दुसरे रूप जो क्रोध, हाच वैरी, असे त्यांनी सांगितले. परंतु या उत्तरात काय सांगितलेले नाही, इकडे सहसा लक्ष जात नाही. या उत्तरात कोणाही व्यक्तीचे नाव नाही. नावांची तेथे वाण होती असे नव्हे. ज्याच्या मसलतीने द्यूत मांडले गेले तो शकुनी समोरच्या सैन्यात होता. दुर्योधनाच्या ईर्ष्येला सदैव इंधन पुरविणारा कर्ण त्याच्या पक्षात होता. पुत्राचे ऐकून आयुष्यभर नमते घेणारा धृतराष्ट्र हस्तिनापुरात संजयाकडून वार्ता ऐकत बसला होता. यांपैकी एकाकडे बोट दाखविणे सोपे होते. भगवंतांनी वैऱ्याचा ठावठिकाणा सांगितला तो मात्र मनुष्याच्या देहातला. इंद्रिये, मन आणि बुद्धी या तीन जागी तो वास करतो, असे ते म्हणतात. चौथी जागा त्यांनी सांगितलेली नाही.

बंगळूरच्या बसवनगुडी भागात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची एक सार्वजनिक संस्था आहे. सार्वजनिक जीवन विवेकाने आणि शुचितेने चालावे या हेतूने डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ मध्ये स्थापन केली. मराठी वाचकास त्या नावाचे अगत्य वाटेलच. परंतु येथे गुंडप्पांचे स्मरण दुसऱ्याच कारणाने करावयाचे आहे. शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ' त्यांनी कन्नडात आणले. आणि गीतेवरील त्यांच्या 'जीवनधर्मयोग' या ग्रंथास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पत्नीच्या आग्रहाने राजाचा खून करणाऱ्या सरदाराची कथा आणि युद्धभूमीवर थबकलेल्या अर्जुनाची कथा, दोन्ही एकाच लेखणीखालून गेल्या, हा योग विचार करण्याजोगा आहे. मराठीत वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'राजमुकुट' या नावाने तेच नाटक आणले, त्यामुळे कथा आपल्याकडे अनोळखी नाही.

त्या कथेतील एक गोष्ट मात्र वाचक विसरतो. मॅक्बेथला खुनाची कल्पना पत्नीने दिलेली नाही. रानातल्या चेटकिणींनी राजपदाचे भाकीत केले त्याच घटकेस त्याच्या मनात ते भयंकर चित्र उमटले आणि त्याला स्वतःलाच त्याची धास्ती वाटली. पत्नीची भेट पुढे झाली. तत्पूर्वी त्याने तिला पत्र पाठविले. राजा डंकन त्याच्या घरी अतिथी म्हणून आला, तेव्हा तो एकांतात जे बोलतो ते एखाद्या धर्मशास्त्र्याने लिहून द्यावे तसे आहे: हा माझा आप्त, हा माझा धनी, हा माझ्या छपराखालचा पाहुणा, आणि राजा म्हणून त्याच्या अंगी दोष म्हणावा असा नाही. एवढे जाणून तो मागे फिरतो. मग पत्नी येते आणि त्याच्या पुरुषार्थालाच डिवचते. चार वाक्यांत त्याचा निश्चय मोडतो. तो निश्चय मोडण्यासाठी तिला नवीन काही सांगावे लागले नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याच्या मनात जे होते तेच तिने त्याला परत दिले.

हीच कथा महाराष्ट्राच्या इतिहासात घडलेली आहे, आणि तिचा एक धागा बंगळूरच्या परिसरातून जातो. बंगळूरहून तुमकूरच्या वाटेला लागले की सुमारे ५० किलोमीटरवर निजगलचा डोंगरी किल्ला लागतो. १७७० मध्ये थोरल्या माधवरावांनी हैदरअलीवरील स्वारीत त्याला वेढा घातला. किल्ला हट्टाला पेटला होता. हल्ले परतविले गेले. शेवटी चित्रदुर्गच्या नायकाच्या लोकांनी तो चढून घेतला. त्या वेढ्यात पेशव्यांचा धाकटा भाऊ नारायणराव जखमी झाला. त्याचे वय तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. शत्रूच्या किल्ल्याखालून तो मुलगा जिवंत परतला, आणि तीन वर्षांनी पुण्यात, स्वतःच्या वाड्यात, सख्ख्या चुलत्याच्या डोळ्यांसमोर मारला गेला.

ती हकीकत अशी. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या भावाला चुलते रघुनाथराव यांच्या स्वाधीन केले, असे इतिहास सांगतो. नारायणरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, त्यांचे वय तेव्हा सतरा वर्षांचे. स्वभाव उतावळा होता, माणसे दुखावली जात. पण हा काही मरणाच्या शिक्षेचा अपराध नव्हे. चुलत्या-पुतण्याचे बिनसले आणि १७७३ मध्ये रघुनाथरावांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले. त्यांच्या पक्षाने गारद्यांशी संधान बांधले. गारद्यांचा पगार थकलेला होता, त्यामुळे त्यांना वळविणे कठीण गेले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, सुमेरसिंगादी गारदी वाड्यात शिरले. नारायणराव पळत चुलत्याच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून प्राण वाचविण्याची याचना करू लागले. चापाजी टिळेकर या सेवकाने त्यांच्या अंगावर स्वतःचा देह टाकला. तोही कापला गेला. इतर सेवक, दासी, एक गायसुद्धा त्या दिवशी मारली गेली.

यानंतरची एक गोष्ट महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या कागदात पुतण्याला 'धरावे' असा शब्द होता. त्यांची पत्नी आनंदीबाई यांनी 'ध' खोडून 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच भाषेत रूढ झाला. ग्रँट डफने हा आरोप आपल्या इतिहासात नोंदविला. पुढील संशोधकांत मात्र त्यावर एकमत नाही. आनंदीबाईंच्या हातचा तो फेरफार निर्णायक पुराव्याने सिद्ध झाला असे त्यांतील अनेक जण मानीत नाहीत. गीतेच्या अभ्यासकाला त्या वादाचा निकाल लावण्याचे कारण नाही. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारणात लक्ष घालीत आणि पतीने गादीवर बसावे ही त्यांची उत्कट इच्छा होती, एवढे निर्विवाद आहे. त्यांनीच अक्षर बदलले असे क्षणभर गृहीत धरू. तरीसुद्धा एक प्रश्न उरतो: 'धरावे' हे अक्षर कोणी लिहविले?

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला, जो धर्मतः आणि वस्त्रतः आपला धनी आहे, पगार थकलेल्या भाडोत्री शिपायांच्या हाती धरून देण्याचा हुकूम देणारा मनुष्य खुनापासून किती दूर उभा असतो? एका अक्षराइतका. ते अंतर रघुनाथराव स्वतःच्या पायांनी चालत आले होते. १७६२ मध्ये निजामाचे साहाय्य घेऊन त्यांनी माधवरावांवर शस्त्र धरले आणि आळेगावी पुतण्याला नमविले. १७६८ मध्ये धोडप येथे पुन्हा तेच केले, पराभूत झाले आणि वाड्यात अडकून पडले. अटकेपर्यंत घोडी नेणारा हा वीर पराक्रमात उणा नव्हता. परंतु गादी ही त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. भगवंतांनी कामाच्या आवरणाचे तीन दृष्टांत दिले आहेत: धुराने झाकलेला अग्नी, धुळीने झाकलेला आरसा आणि वारेने वेढलेला गर्भ. धूर वाऱ्याच्या झुळुकीने जातो, धूळ हाताने पुसावी लागते, गर्भाचे आवरण काळ पुरा झाल्यावाचून सुटत नाही. आळेगावी धूर होता. तेथे पुतण्याच्या नम्रतेने तो काही काळ विरलाही. धोडपला धूळ बसली होती. १७७३ मध्ये वेढा पुरा झाला होता. अशा मनाच्या शेजारी बसून कोणी 'मा' म्हणाले असेल तर ते ऐकू गेले, कारण ऐकणारा आतून तेच म्हणत होता.

येथे कोणी सूक्ष्म वाचक एक शंका काढील, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो म्हणेल, मग स्वतः श्रीकृष्णांनी काय केले? अर्जुनही स्वजनवधापुढे थांबला होता. राज्यसुखाच्या लोभाने आपण आप्तांना मारावयास निघालो, केवढे हे पाप, असे पहिल्या अध्यायात तोच म्हणतो. त्याची कारणे आणि मॅक्बेथची एकांतातील कारणे शेजारी ठेवली तर त्यांत विलक्षण साम्य आढळते. त्याला भगवंतांनी युद्धास प्रवृत्त केले. इतकेच नव्हे, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यांनीही त्याला षंढपणाचा दोष दिला, म्हणजे पौरुषालाच डिवचले. जिंकलास तर पृथ्वी, मेलास तर स्वर्ग, अशी भाषाही त्यांच्या मुखात आली आहे. त्या सरदारपत्नीचे बोलणे आणि हे बोलणे यांत भेद तो कोणता?

भेद आहे, आणि गीतेचे सारे मर्म त्यात आहे. डिवचण्याने अर्जुन उठला नाही, ही पहिली गोष्ट. त्या बोलण्यानंतरही तो 'मी लढणार नाही' असे म्हणून गप्प बसला. भगवंतांनी मग ते शस्त्र खाली ठेवले आणि तत्त्वविचार आरंभला. प्रत्येक शंका त्यांनी बोलू दिली; अर्जुनाने 'तुमचे बोलणे मला गोंधळात टाकते' असे सुनावले तरी रोष केला नाही. शेक्सपिअरची ती स्त्री डिवचण्यापासून आरंभ करते आणि तेथेच संपवते, कारण विचार करण्यास एक रात्र जरी मिळाली तरी पती मागे फिरेल हे ती ओळखून आहे. दुसरे असे की, पृथ्वी आणि स्वर्ग यांचा उल्लेख ज्या श्लोकात आहे त्याच्या लगेच पुढच्या श्लोकात सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय समान मानून लढ, असे सांगून भगवंतांनी ते आमिष काढून घेतले आहे. प्रलोभन दाखविणारा मनुष्य फळ डोळ्यांपुढे धरतो आणि कर्म झाकतो. भगवंत कर्म डोळ्यांपुढे ठेवतात आणि फळ दृष्टीआड करतात. तिसरे, हे युद्ध उघड्या मैदानावर, शंख फुंकून, शिष्टाई विफल झाल्यावर, पाच गावांवरसुद्धा समाधान मानण्याची तयारी दाखविल्यावर आले होते. पाहुण्याच्या शयनगृहात किंवा पुतण्याच्या देवघराजवळ ते घडलेले नाही. ज्या कर्माला रात्र, बंद दार किंवा दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या धर्म्यतेविषयी विचारण्यासारखे फारसे राहत नाही.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात की, हे गूढ ज्ञान मी तुला सांगितले. याचा सर्व बाजूंनी विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर. साक्षात् नारायण ज्याचे सारथ्य करतो त्यालासुद्धा निर्णय त्याच्या हातात परत मिळाला. धर्माकडे नेणारा आणि अधर्माकडे नेणारा यांना ओळखण्याची याहून चांगली कसोटी सापडणे कठीण. जो आप्त आग्रह करतो पण 'विचार करून ठरवा' असे शेवटी म्हणतो, त्याचा आग्रह ऐकण्याजोगा असतो. 'आता विचार कसला करता?' असे जो म्हणतो त्याच्या शब्दांना जपावे.

पत्नीने पतीला कधी प्रवृत्त करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. वनपर्वात द्रौपदीने युधिष्ठिराला जे सुनावले आहे ते वाचून आजही मन थरारते. राज्य गेले, भाऊ वल्कले नेसून आहेत, आणि तुम्हाला संताप कसा येत नाही, असे ती विचारते. भीमही तिची बाजू घेतो. परंतु ती जे मागते ते हिरावून घेतलेले स्वतःचे आहे, ती ते उघड मागते, आणि युधिष्ठिराने क्षमेचा आणि दिलेल्या वचनाचा पक्ष मांडला तेव्हा ती वाद करते, कपट करीत नाही. युधिष्ठिरही तिच्यावर रागावून उठून जात नाही. आणि तेरा वर्षे पुरी होईपर्यंत वचनावरून ढळतही नाही. अशा दांपत्यात पत्नीची तेजस्विता पतीच्या धर्माला आधार होते.

उलटपक्षी, 'प्रेरक आत आहे' या सिद्धांताचा आधार घेऊन बाहेरच्या प्रेरकाने सुटू पाहू नये. कर्म करविणारा, त्याला संमती देणारा आणि ते प्रत्यक्ष करणारा, हे तिघेही फळाचे वाटेकरी होत आणि ज्याचा त्यात अधिक भाग त्याला फळही अधिक, असा आपस्तंब धर्मसूत्राचा अभिप्राय आहे. म्हणजे वाटा मिळतो. पण एकाला मिळालेला वाटा दुसऱ्याच्या हिश्शातून वजा होत नाही. लोकव्यवहारात नेमके उलट होते. 'बायकोने भरीला घातले' असे म्हणताच लोक पतीचा अपराध निम्मा करतात, आणि 'ध चा मा' म्हणताना तर रघुनाथरावांचे नावही कोणी घेत नाही. एका स्त्रीच्या माथी सारे पातक थापून समाज एका पुरुषाला मोकळा करतो, आणि त्याच्याबरोबर स्वतःलाही. कित्येक जण तर अठराव्या अध्यायाचाच दाखला देतात की, कर्माला पाच कारणे असतात, मनुष्य एकटा कर्ता नव्हे. खरे आहे, पण अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना व्यापार आणि दैव ही ती पाच कारणे. 'दुसऱ्याने सांगितले' हे सहावे कारण तेथे आढळत नाही.

पेशव्यांच्या घरात जे घडले ते आजच्या घरात लहान प्रमाणावर घडते. तेथे गारदी नसतात. एक कागद असतो, त्यावर एक सही हवी असते. संध्याकाळी पती घरी येतो आणि सांगतो की अमक्याने इतके देऊ केले, मी नाही म्हणालो. त्या वेळी पत्नी काय म्हणते, यावर पुष्कळ अवलंबून असते. 'तुमच्या मागून लागलेल्यांची घरे झाली' एवढेच ती म्हणाली तरी पुरे होते. अक्षर बदलण्यासाठी लेखणी हातात घ्यावी लागत नाही. परंतु तो गृहस्थ ती गोष्ट घरी कशासाठी सांगत होता, हेही त्याने स्वतःला विचारावे. नाकारलेल्या लाचेची कथा सांगताना मनुष्याला कधी शाबासकी हवी असते, तर कधी परवानगी.

राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असते, असे भगवंतांनी म्हटले आहे. रघुनाथरावांना गादी मिळाली. ती काही महिनेच टिकली. बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारभार हाती घेतला; नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित नेण्यात आले; १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांना पुत्र झाला आणि वस्त्रे त्या तान्ह्या मुलाला मिळाली. माधवरावांनी कर्नाटकात जो मुलूख मिळविला होता, ज्यासाठी निजगलखाली नारायणरावांचे रक्त सांडले होते, तो या घरभेदाच्या वर्षांत हैदरअलीने परत घेतला. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि परक्याच्या आश्रयाला गेले. सालबाईच्या तहानंतर कोपरगावी राहून १७८३ मध्ये वारले. आनंदीबाईंनी शेवटची वर्षे नजरेखाली, गोदावरीकाठी काढली आणि १७९४ मध्ये देह ठेवला. दोन वर्षांनी त्यांचा पुत्र दुसरा बाजीराव खरोखरच पेशवा झाला. जिच्यासाठी सारे केले ती गादी घरात आली. १८१८ मध्ये ती त्याच्या हातून कायमची गेली आणि ब्रह्मावर्तास इंग्रजांच्या तनख्यावर त्याने उरलेले आयुष्य घालविले.

या सर्व काळात अर्जुनाच्या प्रश्नाचे उत्तर ज्याने बरोबर ओळखले असा एक पुरुष पुण्यात होता. रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश होते. त्यांनी खुनाची चौकशी केली. रघुनाथरावांनी त्यांना प्रायश्चित्त विचारले, तेव्हा राज्याच्या धन्याला, त्याच्याच दरबारात, देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे नाही असे त्यांनी सांगितले. ज्याच्या नावाने हुकूम सुटला त्याच्याकडेच त्यांनी ते मागितले. मग शास्त्रीबुवा न्यायासनावरून उठले, पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले, आणि रघुनाथरावांचा अंमल त्या शहरावरून उठेपर्यंत परतले नाहीत.